कोसमटोल्याचा दिवा

“डोमाजीभाऊ, तुमचं मशीन बंद दाखवतंय.”

“हो जी मॅडम. बंदच हाय.”

“लाइट गेली का?”

“नाई जी. लाइट हाय. म्याच बंद केलं. आज खंडेनवमी नाई का? पूजेले मांडलं मशीन.”

मी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे रागानं बघितलं, चूक त्याचीच असल्यासारखं. सकाळचे अकरा वाजले होते. नागपूरच्या आमच्या कार्यालयात सुट्टीमुळे चिटपाखरू नव्हतं. समोरच्या पडद्यावर मी स्वतः बनवलेले तीन दिवे होते. नागपूरचा हिरवा, बॅकअपचा हिरवा आणि कोसमटोल्याचा लालभडक.

“पूजा झाली ना? मग आता सुरू करा.”

“असं कसं जी? पूजेले मांडलेलं हत्यार सोनं लुटल्याबिगर उचलत नाई. उद्या सांजच्याले सोनं लुटलं का करतो सुरू.”

“ते हत्यार नाहीये, भाऊ. सर्व्हर आहे.”

“आमच्या बापाचं ऐरन बी हत्यार नव्हतं जी. त्याच्यावर हत्यारं होत होती. पन नवमीले त्याच्यावर घन पडत नव्हता.”

“तुमच्या वडिलांच्या ऐरणीवर एक लाख एक्क्याण्णव हजार माणसं नव्हती!”

मग ते म्हणाले, “म्हनूनच त मांडलं जी पूजेले.”

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते आणि पुण्याहून आले होते, म्हणजे ज्ञान सोबत घेऊनच आले होते. संस्थेत रुजू होऊन आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत विदर्भातल्या माणसांना काय काय कळत नाही याची मोठी यादी माझ्या डोक्यात तयार झाली होती. डोमाजी वासेकर हे नाव त्या यादीत बरंच वर होतं.

आमची संस्था सिकलसेलवर काम करायची. हा रक्ताचा आजार आईबापांकडून येतो. ज्याच्या अंगात तो अर्धाच असतो, त्याला पत्ताही नसतो. अशा दोघांचं लग्न झालं की त्यांची पोरं दुखण्यानं विव्हळायला लागतात. म्हणून चौदा वर्षं संस्थेची माणसं गडचिरोलीच्या बाजूला गावोगाव फिरून बोटं टोचत होती. कोणाचं रक्त कसं, कोणाला दर महिन्याला रक्त द्यावं लागतं, कोणाला कुठलं औषध चालत नाही, कोणत्या दोन घरांत सोयरीक होऊ नये, हे सगळं पिवळ्या कार्डांवर लिहिलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी ते संगणकात भरलं. भरून झालं तसं आमचे संचालक डॉ. मुंडले यांनी कार्डं रद्दीत घातली. “दोन दोन कॉप्या आहेत, कागदाचं लोणचं घालायचंय का?” असं ते म्हणाले होते म्हणे.

दोन कॉप्या म्हणजे मुख्य सर्व्हर नागपुरात आणि त्याचं जुळं कोसमटोल्याच्या केंद्रात. नागपुरात एक नोंद झाली की अर्ध्या मिनिटात तीच नोंद कोसमटोल्याच्या मशीनवर. नागपूरचं मशीन जळलं तर जुळं आहे. एवढ्या आडगावात जुळं ठेवण्याचं कारण शास्त्रीय नव्हतं. संस्थेच्या माहितीपत्रकावर ‘ग्रामीण डेटा केंद्र’ छापायला बरं दिसतं, हे कारण होतं. ज्या खोलीत आधी पिवळी कार्डं असायची तिथे एक मशीन, एक सौर पॅनेल आणि सांभाळायला डोमाजी. पूर्वी ते गावोगाव बोटं टोचत फिरायचे. गुडघे गेले, तेव्हा संस्थेनं त्यांना खोलीची किल्ली दिली.

आणि मी नागपुरात बसून उंटावरून शेळ्या हाकत होते.

मुंडल्यांना मी एक गोष्ट वारंवार सांगितली होती. जुळं म्हणजे बॅकअप नव्हे. इथे चुकून काही पुसलं गेलं, तर अर्ध्या मिनिटात तिथेही पुसलं जाईल. जुळ्याला बरं-वाईट कळत नाही, ते नुसतं करून मोकळं होतं. मुंडले मान हलवायचे आणि पाहुण्यांना परत तेच सांगायचे, “आमच्याकडे दोन कॉप्या आहेत.” म्हणून मी रोज सकाळी सहाला वेगळी बॅकअपची फाइल निघेल अशी सोय केली होती. फाइल निघाली की बॅकअपचा दिवा हिरवा. आठ महिने तो एकदाही लाल झाला नव्हता. त्या दिव्याचा मला फार अभिमान होता.

“भाऊ, नीट ऐका,” मी म्हणाले. “उद्या दुपारी नव्या प्रणालीचा शुभारंभ आहे. मुंबईहून देणगीदार येणार आहेत. मोठ्या पडद्यावर तिन्ही दिवे हिरवे दिसायला पाहिजेत. उद्या दोनच्या आत तुमचा दिवा हिरवा झाला नाही, तर मी लेखी कळवीन.”

“लेखी कायले जी? तुमी तोंडी म्हनता तेच पुष्कळ हाय.”

“मग करताय?”

“दोन-अडीचपर्यंत करतो जी,” ते म्हणाले. आवाज पडला होता. मला बरं वाटलं. माणसाला सरळ केल्यावर वाटतं तसं.

तासाभरानं मुंडले रंगीत तालीम बघायला आले. सुट्टीच्या दिवशीही गळ्यात टाय. मी त्यांना कोसमटोल्याची हकिकत सांगितली. ते कपाळाला हात लावून म्हणाले, “अंधश्रद्धा! चौदा वर्षं प्रबोधन करतोय मी. सर्व्हरला हळदीकुंकू? हसावं की रडावं?” मग भिंतीवरच्या पंचांगाच्या कॅलेंडराकडे वळून म्हणाले, “आणि हो, उद्याचा विजयमुहूर्त दोन एकतीसचा आहे. एक मिनिट इकडे-तिकडे नको.”

मी हसू गिळलं. महिनाअखेर पगार त्यांच्या सहीनं निघायचा.

शुभारंभाची योजना त्यांचीच. पडद्यावर ‘शुभारंभ’ असं लिहिलेलं केशरी बटण. मुंबईचे पाहुणे ते दाबणार, चाचणीसाठी भरलेल्या खोट्या नोंदी पुसल्या जाणार आणि नवी प्रणाली उघडणार. खोट्या नोंदी चाळीस होत्या. त्या वेगळ्या ठेवलेल्या होत्या. बटणामागचं सगळं मीच लिहिलं होतं.

“हे काय, चाळीस?” मुंडले पडद्यावरच्या आकड्याकडे बघून म्हणाले. “मुंबईची माणसं काय चाळीस बघायला येणारेत? खरा आकडा दिसला पाहिजे. एक लाख एक्क्याण्णव हजार चारशे आठ.”

“सर, हा पडदा चाचणीच्या डेटाला जोडलाय.”

“मग खऱ्याला जोडा. पाच मिनिटांचं काम. का नाही होत?”

नाही होत म्हणणं माझ्या स्वभावात नव्हतं. विशेषतः मुंडल्यांसारख्या माणसापुढे, ज्याला माउस उजव्या बाजूनंही दाबता येतो हे माझ्याकडून कळलं होतं. मी पाच मिनिटांत पडदा खऱ्या डेटाला जोडला. आकडा झळकला. मुंडल्यांनी पडद्याचा फोटो काढला आणि खूश होऊन घरी गेले. नुसता आकडा दाखवण्यापुरतीच ती जोडणी आहे, असं मी मनात म्हटलं होतं. बटणही त्याच पडद्यावर होतं, हे माझ्या मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता सभागृह भरलं. आपट्याच्या पानांच्या टोपल्या, पेढे, रांगोळी आणि मुंबईचे दोन पाहुणे. एक थोराड बाई आणि त्यांच्यासोबत सतत घड्याळ बघणारा एक गृहस्थ. कोसमटोल्याचा दिवा लालच होता. मी कोपऱ्यात जाऊन डोमाजींना फोन लावला.

“निघालो जी घरून. सायकलीवर हाय. वीस मिनिटं.”

“वीस मिनिटं कसली? तुम्ही दोन म्हणाला होतात!”

“घरची पूजा होती जी. अडीच म्हनलो होतो म्या.”

“मला कारणं नकोत. जा आणि ते मशीन सुरू करा. ताबडतोब. ही शेवटची वेळ सांगतेय.”

“हो जी.”

मुंडले माझ्या मागे येऊन उभे होते. लाल दिव्याकडे बघत ते दातांतून म्हणाले, “मिस सामंत, हा लाल दिसता कामा नये.” तेव्हा मी जे केलं त्याची आजही मला चीड येते. मोठ्या पडद्यावर मी त्या दिव्याचा रंग हातानं हिरवा करून टाकला. मशीन बंद, दिवा हिरवा. मुंडल्यांना मी मनातल्या मनात नाटकी म्हणत आले होते, आणि त्यांच्या नाटकाचं नेपथ्य मीच रंगवत होते. माझ्या लॅपटॉपवर मात्र खरा दिवा लालच होता.

दोन एकतीसला बाईंनी बटण दाबलं.

पडद्यावरचा आकडा एक लाख एक्क्याण्णव हजार चारशे आठ होता. तो थोडा वेळ तसाच राहिला. मग तिथे शून्य आलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मुंडल्यांनाही तेच वाटलं. ते सगळ्यात जोरात वाजवत होते. मी टाळी वाजवायला हात उचलले आणि ते तसेच अर्धवट राहिले. चौदा वर्षं बोटं टोचून गोळा केलेली माणसं पेढे वाटायच्या आत गेली होती.

आधी काही फार घाबरले नाही, खोटं कशाला बोलू? माझा बॅकअप होता. त्याचा दिवा आठ महिने हिरवा होता. मी लॅपटॉप घेऊन शेजारच्या खोलीत गेले आणि सकाळची फाइल उघडली. तिच्यात काहीच नव्हतं. आदल्या दिवशीची उघडली. तिच्यातही नाही. गेल्या चार महिन्यांची प्रत्येक फाइल रिकामी होती. चार महिन्यांपूर्वी मुंडल्यांच्या हुकमावरून आम्ही सर्व्हरचा पासवर्ड बदलला होता आणि बॅकअपच्या कार्यक्रमाला नवा पासवर्ड सांगायला मी विसरले होते. तो बिचारा रोज सकाळी सहाला दारात उभा राहायचा, आत शिरता आलं नाही की एक रिकामी फाइल ठेवायचा आणि निघून जायचा. माझा दिवा फक्त फाइल आहे का एवढंच बघत होता. फाइलमध्ये काही आहे का, ते त्यानं कधी बघितलं नाही. आणि मीही नाही. आठ महिन्यांत एकदाही मी त्यातली एक फाइल उघडून, त्यातून डेटा परत उभा राहतो का ते पाहिलं नव्हतं. हे काम नवशिक्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे माझी फाइल रिकामी होती.

मग कोसमटोला आठवलं.

ते मशीन कालपासून बंद होतं. म्हणजे पुसायचा हुकूम तिथपर्यंत पोचलेलाच नव्हता. एक लाख एक्क्याण्णव हजार चारशे आठ माणसं त्या खोलीत झेंडूच्या हाराखाली जशीच्या तशी होती. आणि मी त्या माणसाला ताबडतोब मशीन सुरू कर म्हणून दोनदा दटावलं होतं. मशीन सुरू होईल, नागपूरला जोडलं जाईल, मधल्या वेळात काय काय झालं ते विचारील आणि आज्ञाधारकपणे सगळं पुसून टाकील. अर्धा मिनिट पुरे.

घड्याळात दोन छत्तीस. मी फोन लावला. ‘आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती...’ परत लावला. केंद्राच्या फोनवर लावला, तो नुसता वाजत राहिला. बाहेर सभागृहात मुंडल्यांचं भाषण चाललं होतं. विषय होता, खेड्यातल्या माणसाला तंत्रज्ञान शिकवताना आलेल्या अडचणी.

माझ्यासमोर लॅपटॉपवर कोसमटोल्याचा लाल दिवा होता. आयुष्यात पहिल्यांदा एखादा दिवा लालच राहावा म्हणून मी हात जोडले. खरंच जोडले. देवाचं नावसुद्धा घेतलं, तेही मोठ्यानं. काल कुंकवावरून त्या माणसाची अक्कल काढणारी मीच ती. एका हातानं फोन लावत होते, डोळे दिव्यावर. दोन एक्केचाळीस. दोन चव्वेचाळीस. दोन सत्तेचाळीस.

दोन सत्तेचाळीसला फोन वाजला.

“मॅडम, मशीन सुरू केलं जी.”

मी मटकन खुर्चीत बसले.

“मॅडम? आयकू येते का? केलं सुरू. पंखा फिरून रायला.”

मी दिव्याकडे बघितलं. लाल. डोळे पुसून परत बघितलं. लाल.

“डोमाजीभाऊ,” मी म्हणाले, “सुरू केलंत तर इथे दिवा लाल कसा?”

ते अपराधी आवाजात म्हणाले, “नागपूरची वायर नाई लावली जी.”

“काय?”

“वायर नाई लावली. कालच काढून, गुंडाळून, पूजेत ठेवली नारयेलापाशी. तुमी मशीन सुरू कर म्हनलं, म्या केलं. वायरीचं तुमी बोलल्या नाई. म्हनलं मशीन त मॅडमच्या हुकमानं झालं, वायर तरी बापाच्या रीतीनं होऊ द्या. सांजच्याले सोनं लुटलं का लावतो जी. रागावू नका.”

मी रडायला लागले. त्यांना वाटलं, मी रागानं रडतेय.

“लावतो जी, लावतो! आत्ता लावतो, रडू नका.”

“नको!” मी इतक्या जोरात ओरडले की सभागृहात मुंडल्यांचं भाषण थांबलं. “हात लावू नका वायरीला! भाऊ, तुमच्या पाया पडते. मी येईपर्यंत त्या वायरीला हात लावू नका. खोलीला कुलूप घाला.”

“बरं जी,” ते म्हणाले. आणि वर म्हणाले, “मी तेच म्हनत होतो.”

फोन ठेवल्यावर मला आणखी एक गोष्ट सुचली. नागपूरचा सर्व्हर माझ्या हाताशी होता. त्याची बाहेरची तार मी बसल्या जागेवरून दहा सेकंदांत तोडू शकत होते. म्हणजे कोसमटोल्याची वायर लावली असती तरी काही बिघडलं नसतं. अकरा मिनिटं मी फोन लावत आणि देव आठवत बसले होते आणि तोपर्यंत हा साधा उपाय मला सुचला नव्हता. इतरांना काय कळत नाही याची यादी करणारी बाई ही अशी होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे जीपनं निघाले आणि दहाला कोसमटोल्यात पोचले. मशीनवर झेंडूचा हार, पंख्याच्या जाळीला कुंकवाची बोटं, पुढ्यात नारळ, आणि नारळाला टेकून निळ्या वायरीचं नीट गुंडाळलेलं वेटोळं. वर आपट्याची दोन पानं. मी चपला बाहेर काढल्या. का, ते सांगता येणार नाही.

सगळा डेटा मी सोबत आणलेल्या दोन डिस्कवर उतरवला. तीनदा मोजला. एक लाख एक्क्याण्णव हजार चारशे आठ. सुट्टीमुळे नवमीपासून एकही नोंद झालेली नव्हती, त्यामुळे एकही माणूस कमी झाला नव्हता. काय झालं होतं ते मी डोमाजींना सांगितलं. माझी चूक मात्र जरा पोटात ठेवूनच सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हनजे पुसलं असतं?” एवढंच त्यांनी विचारलं.

“हो.”

ते जवळ आले. “चारशे सतरा नंबर पाहा नं जी.”

मी टाकला. पडद्यावर उघडलं. सुरेखा डोमाजी वासेकर. वय एकोणीस. दोन वर्षांतल्या रक्ताच्या बाटल्यांच्या तारखा. त्याखाली ‘मयत’, आणि बारा वर्षांपूर्वीची तारीख. नोंद करणारा कार्यकर्ता, डो. म. वासेकर.

आपल्याच मुलीचं बोट त्यांनी टोचलं होतं. कार्ड त्यांनीच लिहिलं होतं आणि बंदही त्यांनीच केलं होतं. ते कार्ड आम्ही रद्दीत घातलं होतं. आता तिचं नाव जगात फक्त या मशीनमध्ये होतं. मी त्यांना काय म्हणाले होते? तुमच्या वडिलांच्या ऐरणीवर माणसं नव्हती. मला शरम वाटली.

“हाय?” त्यांनी विचारलं. पडद्याकडे ते बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते.

“आहे, भाऊ.”

“हाय नं. मंग झालं,” म्हणून ते चहा ठेवायला गेले.

गोष्ट इथे संपवता आली असती तर मी आज जरा बरी झोपले असते.

नागपूरला परत आले तर मुंडले प्रसन्न होते. शून्य म्हणजे नव्या प्रणालीची कोरी पाटी, असं त्यांनी पाहुण्यांना समजावलं होतं आणि पाहुण्यांना ते फार आवडलं होतं. डेटा जागेवर आला म्हटल्यावर त्यांच्या लेखी विषय मिटला. एकच गाठ राहिली. तिन्ही दिव्यांची महिन्याची खरी नोंद देणगीदारांना पाठवावी लागायची. कोणतंही मशीन चार तासांपेक्षा जास्त बंद राहिलं तर कारण आणि कारवाई लिहायची, असा करार होता. कोसमटोला दोन दिवस तुटलेलं होतं.

“वासेकरला नोटीस द्या,” मुंडले म्हणाले.

“सर, त्यांच्यामुळे सगळं वाचलं.”

“ते आपल्या दोघांना माहीत आहे. कागदाला माहीत नाही. कागदावर दोन दिवस मशीन बंद आहे. विनापरवानगी. धार्मिक कारणावरून. त्यांच्यामुळे वाचलं असं लिहायचं तर कोणामुळे बुडालं होतं तेही लिहावं लागेल, मिस सामंत. लिहू?”

या माणसाला मी आठ महिने मूर्ख समजत होते. तो मूर्ख नव्हता.

“नको,” मी म्हणाले.

नोटीस मीच टाइप केली. ‘कर्तव्यात हलगर्जीपणा’ हे शब्द माझेच. खाली सही माझी, कारण यंत्रणाप्रमुख मी होते. नुसती औपचारिकता आहे, भाऊ समजून घेतील, असं स्वतःला सांगत टपालात टाकली. फोन करून आधी कल्पना द्यावी एवढीही हिंमत झाली नाही.

आठवड्यात खुलासा आला. पिवळ्या कार्डांवर असायचं तसं वळणदार अक्षर. “महोदया, यंत्र दोन दिवस बंद ठेवले ही माझी चूक आहे. पुन्हा असे घडणार नाही. आपला, डो. म. वासेकर.” मी तो फाइलला लावला. देणगीदारांचं समाधान झालं.

पुढे मी एक शहाणपण केलं. आणखी एक मशीन मागून घेतलं आणि त्याला मुद्दाम एक दिवस मागे राहायला लावलं. आज इथे जे घडेल ते त्या मशीनवर उद्या. चूक झालीच तर दिवसभराची सवड. बॅकअपची फाइल दर आठवड्याला उघडून, त्यातून डेटा परत उभा करून बघायचा नियम केला. त्यावर निबंध लिहिला, पुण्यात भाषणं दिली. अजून देते. ‘मुद्दाम मागे ठेवलेली प्रत’ हा माझा विषय समजला जातो. भाषण संपल्यावर कोणीतरी विचारतंच, मॅडम, ही कल्पना तुम्हाला कशी सुचली? मी म्हणते, अनुभवातून. लोक टाळ्या वाजवतात. टाळ्यांचं माझ्याशी तेव्हापासून वाकडंच आहे.

पण सांगायचं होतं ते पुढच्या खंडेनवमीचं.

त्या दिवशी मला सुट्टी होती, तरी मी सकाळी नऊलाच कार्यालयात जाऊन पडद्यासमोर बसले. कोसमटोल्याचा दिवा लाल व्हायची वाट बघत. झाला असता तर मी एक शब्द बोलणार नव्हते. कराराचं काय ते मी निस्तरणार होते, तसा खोटा कागदही तयार ठेवला होता. ‘नियोजित देखभाल, दोन दिवस.’ दहा वाजले, अकरा वाजले, साडेबारा झाले. शेवटी मीच फोन लावला.

“डोमाजीभाऊ, आज नवमी ना?”

“हो जी.”

“पूजा?”

“केली जी. सुरू मशीनचीच केली. वरून दोन फुलं वायली, बस. हात नाई लावला कशाले.”

“भाऊ, बंद ठेवा. मी सांगतेय. मांडा नीट पूजेला. कोणी काही म्हणणार नाही.”

“नाई जी,” ते म्हणाले. रुसवा नव्हता, राग तर नव्हताच. “मागच्या वर्षी कागदावर तुमची सही होती नं.”

फोन ठेवला. देखभालीचा कागद फाडून टाकला आणि दिवसभर तिथेच बसून राहिले. संध्याकाळी शिपाई कुलूप लावायला आला, तोपर्यंत कोसमटोल्याचा दिवा हिरवाच होता.